पहिला आशीर्वाद माशांना

ऑगस्ट उजाडला की आमच्या किनाऱ्यावर लगबग सुरू होते. दोन महिने शाकारून ठेवलेल्या होड्या उघड्या होतात, त्यांना नवा रंग चढतो, डोलकाठीवर पताका फडफडू लागतात. मग बंदरावरून धर्मगुरूला बोलावणे येते. गेली पंचवीस वर्षे, निरनिराळ्या धर्मग्रामांत, मी हे बोलावणे आनंदाने स्वीकारीत आलो आहे. चिखल तुडवीत प्रत्येक होडीपाशी जायचे, पवित्र पाणी शिंपडायचे, खलाशी सुखरूप परतोत आणि जाळी भरून येवोत अशी प्रार्थना करायची. म्हाताऱ्या कोळणी हात जोडून उभ्या असतात, मुले नाळेवर चढून बसतात. माझ्या आयुष्यातील सुंदर क्षणांत या सकाळींची गणना मी करतो.

गेल्या वर्षी अशाच एका सकाळीनंतर तीन-चार दिवसांनी धर्मगुरुनिवासात माशांची टोपली आली. प्रथेप्रमाणे पहिल्या मासळीतला वाटा. टोपलीत सरंगे होते. केवढे? एका तळहातावर तीन-चार सहज मावावेत एवढे. चांदीच्या नाण्यांसारखी चमकणारी, नुकती कुठे आकाराला येऊ लागलेली पिल्ले. ज्या होडीवर मी पाणी शिंपडले होते तिच्याच जाळ्यातून ती आली होती. संध्याकाळी ती तळून माझ्या ताटात पडली आणि मी ती खाल्ली. हे आरंभीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहायचे आहे ते केवळ दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहिता येणार नाही.

त्या रात्री मला झोप लागेना. मनात एकच प्रश्न घोळत राहिला : मी नेमका कशाला आशीर्वाद दिला होता?

बायबलच्या पहिल्याच अध्यायात एक गोष्ट आहे, जी आपण शेकडो वेळा ऐकतो आणि तरीही ऐकत नाही. परमेश्वराने सृष्टी निर्माण करताना पहिला आशीर्वाद कोणाला दिला? मानवाला नव्हे. मानव सहाव्या दिवशी आला. पहिला आशीर्वाद पाचव्या दिवशी दिला गेला, तो समुद्रातील जीवांना आणि आकाशातील पाखरांना. त्यांची वृद्धी व्हावी आणि सागराचे जळ त्यांनी भरून जावे, असा तो आशीर्वाद होता. आपल्या जन्माआधीच सरंग्याला, बोंबलाला, कासवाला देवाघरचा आशीर्वाद मिळून चुकला होता. मग त्या आशीर्वादाच्या आड येणाऱ्या जाळ्यावर मी कोणत्या अधिकाराने पाणी शिंपडतो?

सरंगा, ज्याला शहरी गिऱ्हाईक पापलेट म्हणते, हा आता महाराष्ट्राचा ‘राज्य मासा’ आहे. सातपाटीच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी ही मागणी लावून धरली आणि २०२३ साली शासनाने ती मान्य केली. मागणीच्या मुळाशी अभिमान होता, पण त्याहून अधिक भीती होती. ज्या माशाने सातपाटीचे नाव देशभर नेले तो मासा डोळ्यांदेखत कमी होतो आहे, ही ती भीती. त्याच वर्षी शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. सरंग्यासाठी ती १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे एक वीतही नाही. एवढी माफक मर्यादा! तरीही कोणत्याही बाजारात सकाळी फेरफटका मारावा, आणि पाट्यांवर किती सरंगे या मर्यादेच्या आत-बाहेर आहेत ते आपल्याच डोळ्यांनी पाहावे. राज्यचिन्हाचा मान द्यायचा आणि त्याची पिल्ले ढिगाने विकायची, ही आपली रीत.

यावर किनाऱ्यावर ताबडतोब जे उत्तर मिळते ते मला पाठ आहे. “फादर, आम्हांला काय सांगता? त्या मोठ्यांना सांगा.” या उत्तरात तथ्य आहे आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. पर्ससीनची अजस्र जाळी माशांचे थवेच्या थवे वेढून उचलतात. समुद्रात रात्री एलईडी दिव्यांचा लखलखाट करून, प्रकाशाकडे ओढली गेलेली मासळी सरसकट उपसली जाते. या दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र शासनाने २०१७ च्या नोव्हेंबरात बंदी घातली, पण समुद्रातले दिवे अजून विझलेले नाहीत. ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडत जातात. त्यांच्या जाळ्यात येणारी बारीक मासळी माणसाच्या पोटातही जात नाही, तिची भुकटी होऊन कोंबड्यांचे खाद्य बनते. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठवावे लागले. आणि वाढवण! ज्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ साली तेथील बंदराला नकार दिला, त्याच प्राधिकरणाने २०२३ साली परवानगी दिली. २०२४ च्या जूनमध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणीही झाली. सुमारे १,४४८ हेक्टर समुद्र भराव घालून बुजवायचा आहे. मासळीची वीण ज्या उथळ, खडकाळ पाण्यात होते, ते पाणीच पुसून टाकायचे. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची?

या साऱ्याविरुद्ध आपण मोर्चे काढले, मानवी साखळ्या केल्या, काळे झेंडे लावले. ते योग्यच होते. या लढ्यात धर्मगुरूंनी मागे राहू नये असे माझे ठाम मत आहे. परंतु लढणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय समुद्र मानीत नाही. ट्रॉलरने मारलेले पिल्लू आणि डोलीत मेलेले पिल्लू यांत समुद्राच्या लेखी काही भेद नसतो.

म्हणून आता आपल्या घरात डोकावू या. वसई, अर्नाळा, उत्तन या आपल्या पट्ट्याची ओळख म्हणजे डोल जाळे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडून उभे राहणारे, खुंटांना बांधलेले हे जाळे आपल्या पूर्वजांच्या बुद्धीचे लेणे आहे. ते माशाचा पाठलाग करीत नाही, डिझेल जाळीत तळ खरवडीत नाही. प्रवाह जे आणील ते स्वीकारते. पण हीच त्याची मर्यादा. प्रवाह जे आणील त्यात जवळा, करंदी, बोंबील असतात, तशीच सरंग्याची, घोळीची, दाढ्याची पिल्लेही असतात. जाळ्याच्या शेवटाला असलेला खोला इतक्या बारीक आसाचा असतो की एकदा आत गेलेला जीव बाहेर पडत नाही. पूर्वी सुताची जाळी होती, कवी थोड्या होत्या, होड्या शिडाच्या होत्या. तेव्हा समुद्राला दम घ्यायला उसंत मिळे. आज नायलॉनची जाळी आहेत, यंत्रांचा जोर आहे, आणि कवींच्या रांगा दूर उत्तरेकडे सरकत गेल्या आहेत. पालघर-डहाणूच्या आपल्याच दालदीवाल्या बांधवांचा याला आक्षेप आहे आणि तो आजचा नाही. कवींच्या या वादावर बैठका झाल्या, बाचाबाची झाली, समुद्रात जाळी कापण्यापर्यंत मजल गेली. त्यांचे म्हणणे सोपे आहे : मोठा सरंगा आमच्या जाळ्यात यायचा तर लहान सरंगा तुमच्या खोल्यातून सुटला पाहिजे. आपण या प्रश्नाचे उत्तर हद्दीच्या भाषेत देतो. तो प्रश्न हद्दीचा नाही, सदसद्विवेकाचा आहे.

एका तांडेलाशी मी याविषयी बोललो. कष्टाळू, सरळमार्गी माणूस, रविवारची मिस्सा न चुकवणारा. तो शांतपणे म्हणाला, “फादर, मी सोडला तर पुढची बोट उचलील. मग मी कशाला सोडू? डिझेल उधारीचं, बर्फ उधारीचा, खलाशांना उचल दिलेली. बँकेचा हप्ता पावसाळ्यात पण थांबत नाही.” त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. होता तो थकवा. महिन्याच्या महिन्याला ज्याच्या जेवणाची सोय धर्मग्राम करते, त्या मी त्याला काय उत्तर द्यावे? त्या दिवशी मी गप्प राहिलो. आज उत्तर देतो, उपदेश म्हणून नव्हे, त्याच्याशी अर्धवट राहिलेले बोलणे पूर्ण करावे म्हणून.

‘मी सोडला तर दुसरा उचलील’ हे वाक्य त्या सकाळी प्रत्येक होडीवर उच्चारले गेले असणार. प्रत्येक तांडेलाच्या मनातला तो ‘दुसरा’ कोण? आपणच. एकमेकांच्या भीतीने आपण सारे मिळून तेच करतो जे एकट्याने कोणालाच करायचे नसते. या भीतीवर आपल्या पूर्वजांनी उपाय शोधला होता आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही अधिनियमाची गरज पडली नाही. पावसाळ्यात समुद्र बंद, नारळी पौर्णिमेला खुला, हा कोळीवाड्याचा नियम होता. हिंदू कोळ्याने नारळ वाहिला, ख्रिस्ती कोळ्याने होडीला आशीर्वाद मागितला, पण समुद्राला विसावा देण्याच्या बाबतीत दोघांचा धर्म एक होता. आज कायदा १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी घालतो. म्हणजे नारळी पौर्णिमेचीही वाट न पाहता आपण समुद्रावर तुटून पडतो. ज्या वर्षी पौर्णिमा ऑगस्टच्या मध्यावर किंवा अखेरीस येते, त्या वर्षी आजोबांचा संयम आपल्यापेक्षा दोन-चार आठवडे अधिक होता हे ध्यानात घ्यावे. ‘दुसरा’ थांबत नाही ही तक्रार असेल तर सगळ्यांनी मिळून थांबायचे, हाच तिच्यावरचा उपाय. सहकारी संस्था कशासाठी आहेत?

आणि हिशेबाचे म्हणाल, तर हिशेबही पिल्लांच्या बाजूने आहे. सरंग्याच्या वजनानुसार प्रती लागतात, आणि मोठ्या सरंग्याचा किलोचा भाव बारक्याच्या कितीतरी पट असतो हे मी कोळीबांधवांना सांगायला नको. आमच्या वसईच्या वाडीतला शेतकरी कितीही अडचणीत आला तरी पेरायचे बी शिजवून खात नाही. त्याला ठाऊक असते की त्या दिवशी पोट भरेल आणि पुढचे वर्ष उपाशी जाईल. समुद्राचे शेत पेरावे लागत नाही, एवढाच फरक. तेथे देव पेरतो. आपले काम फक्त बी राखण्याचे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? २०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरलेली सागरी मासळी २.०१ लाख टनांवर घसरली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तो ४५ वर्षांतला नीचांक असल्याचे सांगितले. त्या वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ या वादळांनी होड्या किनाऱ्यावरच अडकवून ठेवल्या हे खरे. पण ज्याची पेवे भरलेली असतात, त्याला एका वर्षाचे वादळ असे उघड्यावर आणीत नाही.

तिसरी सबब अधिक गंभीर आहे, कारण ती आमच्याच तोंडून, म्हणजे प्रवचनपीठावरून, लोकांनी उचलली आहे. देवाने मानवाला समुद्रातील माशांवर सत्ता दिली, तेव्हा ते आपल्यासाठीच आहेत, असे म्हटले जाते. सेमिनरीत आम्हांला शिकवले गेले की कोणतेही वचन संदर्भापासून तोडून वाचू नये. सत्तेच्या त्या वचनापाठोपाठ, दुसऱ्याच अध्यायात, मानवाला बागेची मशागत करण्याबरोबर तिची राखण करण्याचे कामही सोपवलेले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात नेमका हाच धागा पकडला, आणि बेसुमार मासेमारीने समुद्रातील जीव कसे नाहीसे होत आहेत याचाही त्यात उल्लेख केला. अनुवाद या ग्रंथातला बाविसावा अध्याय काढून पाहावा. घरट्यात पिल्लांवर वा अंड्यांवर पक्षीण बसलेली आढळली तर पिल्लांबरोबर आईला नेऊ नये, तिला सोडून द्यावे, अशी स्पष्ट आज्ञा तेथे आहे. गरजेपुरते घ्या, पण वंशाचे मूळ खणू नका, हा तिचा अर्थ. आपण मात्र आईलाही नेतो आणि पिल्लांनाही. होशेय संदेष्ट्याने तर माणसांच्या दुराचाराने समुद्रातले मासेदेखील नाहीसे होतात, असे अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी बजावले आहे. प्रभूच्या पुनरुत्थानानंतर शिष्यांच्या जाळ्यात आलेले १५३ मासे हे मोठे मासे होते आणि तरी जाळे फाटले नाही, हे योहान आवर्जून नोंदवतो. प्रभूच्या शब्दावर टाकलेल्या जाळ्यात पिल्ले भरली होती असे कोठेही लिहिलेले नाही.

धर्माचा शब्द समुद्रात पोहोचतो का, अशी शंका कोणी घेईल. पोहोचतो. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क या महाकाय, निरुपद्रवी माशाची यकृताच्या तेलासाठी सर्रास कत्तल होत असे. २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्याला संरक्षण दिले, पण कागदाने शिकार थांबत नाही. २००४ साली तेथे लोकजागृतीची मोहीम सुरू झाली आणि कथाकार मोरारी बापूंनी मच्छीमारांना एक दृष्टांत दिला : हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. लेकीवर कोणी भाला चालवतो का? त्यानंतर तेथील मच्छीमारांनी स्वतःची महागडी जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिले. एका कथाकाराला जे साधले ते आम्हां धर्मगुरूंना का साधू नये? आम्ही आजवर किती प्रवचने समुद्रावर केली?

दूर कशाला, आपल्याच राज्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जावे. तेथे कासवांची अंडी पूर्वी खाल्ली आणि विकली जात. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या साहाय्याने तेच ग्रामस्थ घरटी राखू लागले. आज पिल्ले समुद्राकडे धाव घेताना पाहायला माणसे लांबून येतात, आणि गावातल्या घरोघरी त्यांच्या राहण्याजेवणाची सोय होते. कासव जाळ्यात अडकले तर जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या डिसेंबरात जाहीर केली. छायाचित्राचा पुरावा तेवढा द्यावा लागतो. आपल्या धर्मग्रामांत किती तांडेलांना ही योजना ठाऊक आहे? चर्चच्या सूचनाफलकावर यात्रांचे वेळापत्रक लागते, ते लागावेच. त्याच्या शेजारी या एका कागदाला जागा नसावी?

आता उरलेले आपण, जे समुद्रावर जात नाही पण समुद्र खातो. बारके सरंगे स्वस्त पडतात म्हणून लग्नाच्या पंगतीला कोण मागवतो? सणाच्या जेवणात ताटागणिक अख्खा मासा दिसावा म्हणून लहान मासा कोण निवडतो? गिऱ्हाइकाने हात आखडता घेतला तर लिलावात बोली लागणार नाही, आणि बोली लागली नाही तर खोल्याचा आस आपोआप मोठा होईल. पिशवीभर कचरा खाडीच्या पुलावरून भिरकावणारे हात कोळ्याचे नसतात. एकेकाळी विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, हिरव्या वाड्यांवर सिमेंट चालून येऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी यांच्या हाकेला ओ देऊन हीच वसई रस्त्यावर उतरली होती. हरित वसईसाठी उतरलेल्या त्या पावलांना निळी वसई परकी का वाटावी? विहिरीचे पाणी आपले आणि समुद्राचे पाणी सरकारचे, अशी वाटणी कोणी केली?

मी शासनालाही मोकळे सोडीत नाही. २०२१ साली सागरी मासेमारीच्या कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवले, अधिकार मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे दिले. मग ते अधिकारी गस्त घालताना दिसू द्या, आणि धाडसाने एलईडीवाल्यांपाशी जाऊ द्या. केवळ लहान होडीवर कायदा चालवणे म्हणजे न्याय नव्हे. बंदीच्या काळात मच्छीमाराच्या कर्जाचे हप्ते थांबवा. जे त्याला थांबायला सांगतात त्यांनी त्याच्या चुलीचाही विचार केला पाहिजे. मोठा आस लावणाऱ्याला जाळ्यासाठी अर्थसाहाय्य द्या. ट्रॉलरच्या जाळ्याला चौकोनी आस प्रत्यक्षात लागलेला दिसू द्या, कारण तिरका आस ओढ बसताच मिटतो आणि चौकोनी आस उघडा राहून पिल्लांना वाट देतो. यात अशक्य असे काहीच नाही.

परंतु शासनाची वाट पाहत बसण्याइतका वेळ सरंग्याच्या पिल्लांपाशी नाही. म्हणून माझ्यापुरता निश्चय येथे लिहून ठेवतो. येत्या ऑगस्टमध्ये बोलावणे आले तर मी पवित्र पाणी घेऊन बंदरावर जाईनच. कोणाचीही होडी आशीर्वादाविना मागे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण पाणी शिंपडण्याआधी मी प्रत्येक तांडेलाला खोला दाखवायला सांगेन, आणि तीन गोष्टी विचारीन : पिल्लांचा हंगाम असेल तेव्हा जाळे उचलशील का? फाटके जाळे समुद्रात न टाकता किनाऱ्यावर आणशील का? कासव अडकले तर सुरी जाळ्यावर चालवशील का? त्यानंतर समुद्राकडे वळून त्याच्यासाठीही प्रार्थना करीन, कारण त्याला मिळालेला आशीर्वाद आपल्या आशीर्वादाहून जुना आहे.

आणि धर्मगुरुनिवासात टोपली आली, तर तिच्यातला मासा मी आधी वितीने मोजीन. लहान असेल तर टोपली आदराने परत पाठवीन. देणाऱ्याला राग येईल, कदाचित पुढच्या वर्षी टोपली येणारही नाही. न येवो. समुद्रात मासा राहिला तर टोपल्या पुन्हा येतील. मासा राहिला नाही, तर होड्या रंगवून पताका लावून मला बंदरावर बोलावणार कोण, आणि मी आशीर्वाद तरी कशासाठी मागणार?